जुनी नळी परत कोणी न्यायची?



गेल्या उन्हाळ्यात जळगाव जामोदहून सातपुड्याच्या पायथ्याकडे जात असता एका वावरातून धूर निघताना दिसला. पाचट पेटविले असेल असे प्रथम वाटले. पण पाचटाचा धूर पांढुरका असतो, हे आपणां ऊसवाल्यांना कोणी सांगावयास नको. हा धूर काळाकुट्ट आणि घशाला झोंबणारा. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून धुऱ्याधुऱ्याने आत गेलो. खोडवा तुटून गेला होता आणि आपलेच एक सभासद काठीने ढीग सारखा करीत उभे होते. ढिगात ठिबकच्या नळ्या होत्या.

"काय करता भाऊ, आठ वर्सं झाली याले. उंदरायनं अन् रानडुकरायनं पार चायनी करून टाकली. भंगारवाला म्हनते, मातीसकट नेत नाही. धुवाले पानी कोठून आनू? मंग काय, जायून टाकतो."

त्यांना बोल लावावा असे आम्हांस वाटले नाही. हीच नळी नवी आली तेव्हा त्यांच्या बांधावर किती माणसे आली होती ते आठवा. दुकानदार आला, कंपनीचा माणूस आला, आराखडा काढणारा आला, अनुदानासाठी मोका तपासणी झाली, बँकेचा साहेब आला, आपल्या गट ऑफिसचा माणूस आला. नळी वावरात पोहोचविण्यासाठी अर्धा डझन माणसांनी एकमेकांशी जुळवून घेतले. ती वावरातून बाहेर काढायची वेळ आली तेव्हा एकजणही आला नाही. येण्याचा रस्ता सर्वांनी मिळून बांधला आणि जाण्याचा रस्ता कोणाचाच नाही, अशी ही गोष्ट आहे.

येत्या वार्षिक सभेपुढे या बाबतीत एक प्रस्ताव येणार आहे, म्हणून त्याविषयी आमचे मत मोकळेपणाने मांडावे असे ठरविले.

आधी थोडा हिशेब करू. उसाच्या सऱ्या पाच फुटांवर धरल्या तर एका एकरात ८,७१२ फूट, म्हणजे सुमारे २,६५५ मीटर नळी बसते. १६ मिलिमीटरची, एक मिलिमीटर जाडीची नळी मीटरला ४४ ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे एकरी सुमारे ११७ किलो प्लास्टिक झाले. शंभर एकरांचे साडेअकरा टनांच्या वर जाते. हा एका चांगल्या ट्रकचा माल आहे आणि तो टाकाऊ नव्हे. पॉलिथिलीन वितळवून दाणा करता येतो. त्या दाण्यापासून रोपवाटिकेच्या नळ्या, केबल टाकण्याचे पाईप, कुंड्या, असल्या कितीतरी वस्तू निघतात. पुन्हा ठिबकचीच नळी होईल असे मात्र नाही. तिची भोके बारीक, मापे काटेकोर. तेथे जुना माल चालत नाही. तरीही माल तो मालच.

आता गंमत पाहा. जळगाव नावाची गावे दोन. एक आपले, जळगाव जामोद, दुसरे खानदेशातले. बाहेरगावचे पाहुणे नेहमी फसतात आणि पत्रे तर किती वेळा तिकडे जाऊन आली असतील! त्या जळगावी भवरलाल जैन यांनी ठिबकचा मोठा उद्योग उभा केला. जुन्या-नव्या प्लास्टिकवर चालणारे चटयांचे कारखानेही त्याच गावात आहेत. अंतर शंभरावर किलोमीटर. तिकडून इकडे नव्या नळीचे भरलेले ट्रक येतात आणि परत जाताना पुष्कळदा भाड्याच्या शोधात थांबतात. इकडे नळी जळते, तिकडे कारखान्याला माल हवा असतो, आणि मधल्या रस्त्यावरून रिकामा ट्रक जातो. दोन जळगावांच्या मध्ये कमी आहे ती फक्त एका गोष्टीची: कोणी, केव्हा, किती माल, कोठे गोळा करायचा, हे ठरविणाऱ्याची.

जुनी वस्तू परत नेऊन नवी करणे आपल्याला अपरिचित आहे असे कोणी समजू नये. आपल्याच कारखान्यात ऑफ सीझनला काय चालते? मिलचा रोलर घ्या. आतला दांडा पोलादाचा आणि वरचे कवच बिडाचे. हंगामभर ऊस पिळून कवचाचे दाते झिजतात. हंगाम चालू असताना वेल्डिंगने दाते भरून काम भागवितात. पण कवच फार उतरले की अख्खा रोलर फौंड्रीकडे जातो. जुने कवच फोडून काढतात, दांडा तपासतात, नवे कवच तापवून त्यावर चढवितात. थंड झाले की ते दांड्याला असे आवळून बसते की जणू एकजीव. रोलर परत येतो तो नव्यासारखा, आणि किंमत नव्यापेक्षा पुष्कळ कमी. जुन्या कवचाचे बीड पुन्हा भट्टीत जाते. मोटारीचे रिवाइंडिंग, पंपाचे बुश, ट्रॉलीच्या टायरचे रिमोल्डिंग, हा सारा त्याच जातीचा व्यवहार आहे. ज्या टायरगाडीतून आपल्या बापजाद्यांनी ऊस आणला, तिची चाके तरी कोणती होती? ट्रकखाली झिजून गेलेलीच.

मग रोलर बिनबोभाट परत जातो आणि नळी का जात नाही? याचे उत्तर सापडले की प्रस्तावाचे निम्मे काम झाले. रोलरचा मालक एक, तो कधी निघणार ती तारीख ठाऊक, वजन ठाऊक, नेणारा ठाऊक, पैसे कोणी कोणाला द्यायचे तेही ठाऊक. नळीचे यातले काहीच ठाऊक नाही. मालक शेकडो, त्यातही आपला गट लहान. ऊस विखुरलेला, मध्ये कपाशी, संत्रा आणि केळी. कोणाची नळी पाच वर्षांत जाते, कोणाची दहा टिकते. पूर्णेकडच्या खारपाण पट्ट्यात ज्यांनी ठिबक लावले त्यांच्या नळ्या क्षाराने लवकर बुजतात. नळी निघते तेव्हा तिच्यात माती, कचरा, पाणी. सुटी नळी ट्रकमध्ये टाकली तर ट्रक दिसायला शिगोशीग भरतो, पण काट्यावर काहीच भरत नाही. सुटा कापूस कोणी रेल्वेने पाठवीत नाही. आपले वडीलधारे कापूस खामगावला नेत, तेथे सरकी निघे, गाठ बांधली जाई, आणि मगच तो माल मुंबईच्या रस्त्याला लागे. नळीचीही अशी गाठ बांधली पाहिजे. आणि गाठ बांधण्याचे यंत्र एकट्या सभासदाला कसे परवडावे?

त्यात कंपन्यांचे आपसातले राजकारण. एकीला वाटते, मी माझीच नळी गोळा करीन, दुसरीची का उचलू? दुसरीला वाटते, पहिली गोळा करतेच आहे, मग मी पैसे कशाला घालू? तिसरी नावापुरती एक छत्री लावून फोटो काढते. प्रत्येकीचा ट्रक निम्मा रिकामा जातो, म्हणून प्रत्येकीला तोटा होतो. आणि तोटा होतो म्हणून कोणीच पुन्हा येत नाही. व्यवहार फायद्याचा आहे, पण तो सर्वांनी एकत्र केला तरच. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला तो याच कारणासाठी. एकट्या शेतकऱ्याचा ऊस गुऱ्हाळापुरता; सर्वांचा मिळून कारखान्यापुरता.

परतीच्या वाटेवर आपले लोक पूर्वी अधिक हुशार होते असे आम्हांस कधीकधी वाटते. मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटलीतून मिळे, तेव्हा रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली हाती पडत नसे. दुधाची गाडी भरलेल्या बाटल्या उतरवी आणि रिकाम्या चढवी. फेरी एक, कामे दोन. प्लास्टिकची पिशवी आली आणि ती रीत मोडली. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकबंदी आणली, तेव्हा दुधाची पिशवी परत घेऊन ५० पैसे देण्याची योजना जाहीर झाली. हेतू चांगला, पण पिशवी कोणत्या दुकानात द्यायची, दुकानदाराने ती कोणाला द्यायची, एका डेअरीची पिशवी दुसरीने घ्यायची की नाही, याची सांगड बसली नाही. गावोगाव ती रीत रुजल्याचे काही दिसत नाही. पन्नास पैशांत दोष नव्हता. दोष सांगड नसण्यात होता.

उलट ट्रॅक्टरची बॅटरी पाहा. जुनी दिली की नवीच्या किमतीत सूट मिळते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. २००१ च्या नियमांनी विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घ्यावी असे बंधन घातले. पुढे २०२२ मध्ये नवे नियम आले. पण केवळ कायद्यामुळे बॅटरी परत जाते असे नव्हे. तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते, आणि शिशाला भाव असतो. भाव असला म्हणजे सारे नीटच होते असेही नाही. त्याच शिशासाठी गावाबाहेर उघड्या भट्ट्या पेटतात आणि त्यांचा धूर लेकरांच्या अंगात जातो. तेव्हा वस्तू परत गेली एवढ्याने समाधान मानू नये. ती गेली कोठे, तेही विचारावे.

नियमांचे म्हणाल तर आता त्यांना तोटा नाही. खताची गोणी आणि औषधाची बाटली प्लास्टिक वेष्टनाच्या नियमांत येते. फेब्रुवारी २०२२ पासून उत्पादकावर ते प्लास्टिक परत गोळा करण्याची जबाबदारी स्पष्टपणे टाकली आहे. टायरचे नियम २०२२ च्या जुलैत आले. जळालेल्या ऑइलची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून ते बनविणाऱ्यांवर आली. सौर पंपाच्या पाट्या ई-कचऱ्याच्या नियमांत आहेत. जुन्या वाहनांचे नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले, पण शेतीचे ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या त्यांतून वगळल्या आहेत. आणि आपली ठिबकची नळी? ती वेष्टन नव्हे, म्हणून वेष्टनाच्या नियमात बसत नाही. यंत्र नव्हे, वाहन नव्हे. वावरात सर्वांत जास्त प्लास्टिक तिचे, आणि तिला वाली कोणी नाही!

नियम इतके, प्रत्येकाची नोंदणी वेगळी, प्रत्येकाचा ठेकेदार वेगळा. शेतकऱ्याचा कोठा मात्र एकच. त्या एका कोठ्यात नळी, गोणी, बॅटरी, ऑइलचा डबा आणि औषधाची बाटली एकाच कोपऱ्यात पडलेली असते. दिल्लीत केलेल्या निरनिराळ्या नियमांची गाठ कोठेतरी घातली पाहिजे, आणि ती गावाच्या जवळ घातली पाहिजे.

कागदावर गाठ घालण्याचे काय होते तेही सांगतो. वेष्टनाच्या नियमांत अशी सोय आहे की कंपनीने स्वतः प्लास्टिक उचलले नाही तरी चालेल. नोंदणी झालेल्या प्रक्रिया कारखान्याकडून तेवढ्या वजनाचे प्रमाणपत्र विकत घ्यावे. कल्पना वाईट नाही. पण २०२३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासणी केली तेव्हा महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकातील काही प्रक्रिया कारखान्यांनी मिळून ६ लाखांच्या घरात खोटी प्रमाणपत्रे काढल्याचे बाहेर आले. प्लास्टिक जेथल्या तेथे, आणि कागद मात्र बाजारात फिरून विकले गेले. वजनकाटा न पाहता उसाची पावती फाडली तर आपण सभा डोक्यावर घेऊ. मग येथे तरी काटा दाखविल्याशिवाय कागद का मानावा?

हे झाले आपल्याकडचे. आता उसाच्या धंद्यातला आपला मोठा प्रतिस्पर्धी ब्राझील काय करतो ते पाहण्यासारखे आहे. साखरेच्या भावात त्याने आपल्याला पुष्कळदा रडविले आहे, म्हणून त्याच्याकडून काही शिकू नये असे नाही. तेथे २००० साली पीकऔषधांच्या रिकाम्या डब्यांचा कायदा झाला. कामाची वाटणी अशी केली की कोणाला कोणाकडे बोट दाखविता येऊ नये. शेतकऱ्याने डबा तीन वेळा खळबळून, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतून, वर्षाच्या आत परत करायचा. दुकानदाराने बिलावरच लिहायचे की डबा कोठे परत द्यावा. तेथून पुढे नेणे आणि त्याची वाट लावणे कंपन्यांकडे. मुख्य म्हणजे कंपन्यांनी आपापली वेगळी चूल मांडली नाही. २००१ च्या डिसेंबरात त्यांनी मिळून 'इनपेव' नावाची एकच संस्था काढली, आणि २००२ पासून तिने काम सुरू केले. डबा कोणत्याही कंपनीचा असो, घेणारी जागा एक. औषध घेऊन आलेला ट्रक परतताना रिकामे डबे घेऊन जातो. आज तेथे शंभरातले नव्वदाहून अधिक डबे परत येतात आणि त्यांतील प्लास्टिकपासून पुन्हा औषधाचेच नवे डबेही बनतात.

आपल्याकडे १९७१ च्या कीटकनाशक नियमांत काय सांगितले आहे? वापरलेली बाटली फोडून, वस्तीपासून दूर पुरावी. त्या काळी ते ठीक होते. आज पुरणार कोठे, आणि किती?

आता सभेपुढच्या प्रस्तावाकडे वळू. एका नळी-कंपनीकडून संचालक मंडळाकडे पत्र आले आहे. कंपनीचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, सभेत ते कळेलच. तिचे म्हणणे असे की, आमच्या छापाची जुनी नळी कारखान्याने गोळा करावी. आम्ही ती नेऊ आणि सभासदाला नव्या नळीच्या किमतीत सूट देऊ. सूट मिळणार ती त्याच कंपनीची नवी नळी घेतली तरच. ऐकायला गोड आहे. आमच्या मते मात्र सभेने हा प्रस्ताव आहे तसा स्वीकारू नये.

एक तर आपल्या वावरात चार छापांच्या नळ्या आहेत. एक छाप उचलला तर बाकी तीन पुन्हा पेटणारच. दुसरे असे की, जुन्याच्या सुटीने नव्याचा भाव बांधला जातो. आज सूट देतील आणि उद्या नव्या नळीचा भाव त्याच मापाने चढेल. मग दुसऱ्या दुकानात जायची सोय राहणार नाही. जुनी नळी हा सभासदाचा माल आहे. तिचे पैसे रोख व्हावेत आणि ते त्याने कशावर खर्च करावेत हे त्याचे त्याने ठरवावे. बायकोला लुगडे घेईल नाहीतर पोराची फी भरील. त्यात कंपनीने का पडावे?

आमची सूचना अशी आहे. गोळा करण्याची जागा कारखान्याची, छाप कोणताही, आणि खरेदीदार दरवर्षी निविदेने. कंपन्यांनी यावे, सर्वांनी यावे, पण आपापले निरनिराळे ट्रक घेऊन नव्हे. एकाच जागी, एकाच काट्यावर, एकाच भावाने. कोणत्या कंपनीने किती भार उचलावा हे त्यांनी आपसांत तिच्या विक्रीच्या प्रमाणात ठरवावे. जी येणार नाही तिचे नाव या पत्रिकेत छापायला आम्ही तयार आहोत.

कारखान्यानेच का करावे, असे कोणी विचारील. कारण परतीच्या मालाचे खरे दुखणे म्हणजे तो कधी आणि किती येणार हे न कळणे. आणि त्यावरचे औषध आपल्याच शेती खात्याच्या कपाटात पडले आहे. कोणाची लागण कधीची, खोडवा कोणत्या महिन्यात तुटणार, याची नोंद आपण ठेवतोच. ठिबक कोणी कोणत्या वर्षी बसविले तेही अनुदानाच्या आणि कर्जाच्या कागदांवरून समजते. सात वर्षांनी पुन्हा अनुदान मिळते, म्हणजे जुना संच साधारण केव्हा निघणार याचा अंदाज बांधता येतो. जसा आपण तोडणीचा कार्यक्रम लावतो तसाच नळी काढण्याचा कार्यक्रम लावता येईल. कोणत्याही कंपनीजवळ ही वही नाही. हे आपले भांडवल आहे, ते फुकट देऊ नये.

आता काटा. वजनाने पैसे म्हटले की नळीत माती राहणार, काहीजण मुद्दाम ठेवणार. यंत्राने तोडलेल्या उसावर पाचटाची वजावट किती, यावरून आपल्याकडे किती भांडणे होतात! म्हणून वजावट डोळ्यांनी अंदाजे न करता, ढिगातून नमुना घेऊन सभासदासमोर झाडून, वजन करून ठरवावी. धुण्याची गरज नाही. उन्हात सुकवून, आपटून आणली तरी पुष्कळ माती जाते. आणि नळी कोणती, हेही पाहावे. ठिबकची काळी नळी पॉलिथिलीनची, सबमेनचा पाईप बहुधा पीव्हीसीचा. दोन्ही एकत्र गेले तर वितळविताना सगळा माल नासतो. शंका आली तर तुकडा बादलीत टाकावा. पॉलिथिलीन तरंगते, पीव्हीसी बुडते. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

जागेबद्दल एक सूचना, आणि ती हलकी समजू नये. हा ढीग बगॅसच्या डेपोजवळ मुळीच असू नये. बगॅसला आग लागली तर काय होते ते ज्यांनी पाहिले आहे ते सांगतील. त्यात प्लास्टिकची भर नको. औषधाच्या बाटल्या तर नळीबरोबरही नकोत. त्यांची खोली वेगळी, कुलपाची, आणि साखरेच्या पोत्यांपासून व बारदानापासून लांब. पहिल्या वर्षी बाटल्या घेऊच नयेत, आधी नळीचे जमू द्यावे, असे आमचे मत आहे. संपादकीय मंडळात यावर एकमत नाही, हेही सांगून टाकतो.

भंगारवाल्याचे काय? सहकाराच्या नावाने नवी व्यवस्था आली की पहिली कुऱ्हाड त्याच्या पोटावर पडते. हा माणूस वर्षानुवर्षे सायकलवर आणि हातगाडीवर फिरून जे परत नेण्याजोगे आहे ते नेत आला. कोणी त्याला अनुदान दिले नाही. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ साली त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पालिकेच्या कामाला लागली. जे वेचत होते तेच मालक झाले. आपल्या भागातील भंगारवाल्यांना गावोगावची नळी गुंडाळून आणण्याचे काम ठरावीक दराने द्यावे. सभासदाला स्वतः आणायची असेल तर दिवाळीला सभासद साखर न्यायला ट्रॅक्टर येतोच. येताना तो रिकामा का यावा? मात्र तोडणीच्या मुकादमासारखी उचल देण्याची चूक येथे करू नये. ती उचल कशी बुडते याचा अनुभव सर्वांना आहे.

आणि आता सर्वांत कडू प्रश्न. हा लेख लिहीत आहोत असे कळताच एक सभासद आम्हांला म्हणाले, "आधी उसाचं बिल द्या, मंग भंगाराचं बोला." त्यांचे बरोबर आहे. ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे, आणि तो किती वेळा पाळला गेला हे ज्याचे त्याला ठाऊक. ज्या संस्थेने मुख्य मालाचे पैसे वेळेवर दिले नाहीत तिला सभासद जुनी नळी तरी कोणत्या विश्वासाने देईल? म्हणून आमची अट अशी की नळीचे खाते स्वतंत्र असावे. पैसे काट्यावरून आठ दिवसांत सभासदाच्या बँक खात्यात जावेत. ते कोणत्याही कर्जात, कपातीत, ठेवीत वळते करू नयेत. आणि कारखान्याने खेळत्या भांडवलासाठी त्यांना हात लावू नये. ही अट ठरावात लेखी येत नसेल तर ठराव नामंजूर करावा असे आम्ही स्वतः सभेत उठून सांगू. तसे झाले तर कंपनीचे पत्रही बाजूला ठेवावे, आणि नळी पुढचे वर्षभर ज्याच्या त्याच्या कोठ्यात पडू द्यावी. जाळण्यापेक्षा ते बरे.

गाठी बांधण्याचे यंत्र लगेच विकत घेण्यासही आमचा विरोध आहे. यंत्र घेतले की ते गंजत पडते, हा आपला जुना इतिहास आहे. पहिल्या हंगामात भाड्याने आणावे आणि किती माल येतो ते पाहावे. एका गटात शंभर एकरांची नळी जमली तर वर हिशेब केल्याप्रमाणे ट्रक भरतो. नाही जमली तर ऊसवाल्यांपुरते न थांबता संत्रा आणि केळीवाल्यांनाही बोलवावे. ते सभासद नसले म्हणून काय झाले, नळी तीच आहे.

ज्या सभासदांचे ठिबक सात वर्षांहून जुने आहे त्यांनी गट क्रमांक, क्षेत्र, बसविल्याचे वर्ष आणि नळीचा छाप एवढे चार शब्द साध्या कागदावर लिहून जळगाव जामोद गट ऑफिसात सभेपूर्वी द्यावेत. छापील अर्ज नाही, शुल्क नाही. ते कागद एकत्र करून किती एकर आणि किती टन होतात ते आम्ही सभेत वाचून दाखवू. धुरात भेटलेल्या त्या सभासदांनी आपला कागद दिला आहे. त्यांची दोन एकरांची नळी अजून शिल्लक आहे.